पेल्यातली पानं

वडखळ नाक्यावर करवंदं विकणाऱ्या बाया मापाच्या पेल्यात खाली पळसाची पानं कोंबतात. देवाला खोट्या मापाची चीड आहे, हे प्रार्थनासभेत बायबलातून ऐकल्यापासून त्यांच्यातल्या गंगीने ती लबाडी सोडली होती. आज गाडीतल्या साहेबाने चाखता चाखता मूठभर करवंदं संपवली, "खाली पानं भरता, एकजात चोर तुम्ही!" असं सुनावलं आणि काही न घेता निघून गेला. तिने उपडा करून दाखवलेला पेला त्याने पाहिलाही नाही. शेजारची राणी हसली, "चोर तर ठरलीसच गो, भर आता पानं!" रागारागाने गंगीने पेल्यात पानं कोंबली. तेवढ्यात दुसरी गाडी थांबली. आतल्या बाईने मोबाइलवरची नजर न काढताच करवंदं मागितली. गंगीने पानं रस्त्यावर भिरकावली, पेला शिगोशीग भरला आणि आभाळाकडे बघून खेकसली, "हे तुझ्यासाठी हां, प्रभू. या लोकांसाठी नाय!"