उन्हाची खोली

डॉक्टरांनी माझ्या बायकोला, मथुरेला, हवापालट सांगितला, म्हणून आम्ही चार दिवस महाबळेश्वरला जायचं ठरवलं. निघायच्या आदल्या दिवशी तिला पुन्हा ताप भरला.

“तुम्ही पुढे व्हा,” ती म्हणाली. “ताप उतरला की भाऊजी आणतील मला. आणि खोली उन्हाची बघा हो, नाहीतर स्वस्त म्हणून कोंदट घ्याल!”

मी उन्हाची खोली घेतली आणि रोज रत्नागिरीच्या मोटारीची वाट बघत उभा राहिलो. शेवटी धाकटा भाऊ आत्माराम एकटाच उतरला. टोपीखाली डोकं भादरलेलं होतं. मथुरेला अग्नी त्यानेच दिला होता.

“ती जाणार हे माहीत असून मला इथे पाठवलंत?” मी ओरडलो.



“आम्ही नाही, दादा. वहिनीनेच शपथ घातली. म्हणाली, ‘हे समोर असले तर माझा जीव सुटायचा नाही.’”