किती जण होते?

पहिला फटका कानामागे बसला. श्यामलाबाई गाडीची किल्ली शोधत होत्या. फटका कशाचा हे कळायच्या आत त्या बॉनेटवर तोंडावर आपटल्या आणि दात ओठात रुतले. "लेट गो!" कुणीतरी ओरडलं आणि खांद्यावरची बॅग खेचली.

सोडायची ना बॅग! जानेवारीतली संध्याकाळ, लीड्समधल्या कार पार्कचा सगळ्यात वरचा, रिकामा मजला, आणि बाई साठीची. पण बॅगेत त्यांची वही होती, चिकटवलेलं एक पाकीट होतं, आणि श्यामलाबाई जज होत्या. या देशात आश्रय नाकारलेल्या लोकांची अपिलं त्या ऐकत. त्या कोर्टात टेप नसे. जज हाताने लिहील तीच नोंद. त्यांनी बॅगेचा पट्टा मनगटाला गुंडाळून घेतला.

मग बरगडीत बूट बसला. दुसरा बूट हातावर. मनगटात काडकन आवाज झाला, पट्टा तुटला, बॅग गाडीखाली सरकली. तोंडावर तिसरा बसला तेव्हा डावा डोळा गेलाच असं बाईंना वाटलं. तेवढ्यात रॅम्पवरून कुणाच्या तरी गाडीचे दिवे वर आले आणि पावलं जिन्याकडे पळाली.

दोन तासांनी बाई हॉस्पिटलच्या खाटेवर होत्या. उजवा हात प्लॅस्टरमध्ये, ओठाला चार टाके, डावा डोळा सुजून बंद. शेजारी नवरा, हरीश, बॅग मांडीवर घेऊन बसला होता. समोर तरणाताठा कॉन्स्टेबल जबाब लिहून घेत होता. त्याने कार पार्कचं नाव चुकीचं लिहिलं, ते बाईंनी तशाही अवस्थेत दुरुस्त करून घेतलं. सुंभ जळतो, पीळ कुठे जातो?

"किती जण होते?" त्याने विचारलं.

"दोन. एकाने बॅग ओढली, दुसरा लाथा मारत होता."

"अगं, अँब्युलन्समधून फोन केलास तेव्हा तर तीन म्हणालीस," हरीश मराठीत म्हणाला. "तीन जण आणि चाकू."

"मी? चाकू कुठला? काहीतरीच काय बोलतोस, हरीश."

कॉन्स्टेबलचा रेडिओ खरखरला. तो बाहेर जाऊन आला. "कॅमेऱ्यात एकच माणूस दिसतोय," तो जपून म्हणाला. "एकटाच. हातात काठी."

"मला दोघं दिसले," बाई म्हणाल्या. 

हे असं कुणी कोर्टात बोललं की काय करायचं, हे त्यांना पाठ होतं. वहीच्या प्रत्येक पानावर मधोमध उभी रेघ. डावीकडे माणूस आधी सरकारी अधिकाऱ्यासमोरच्या मुलाखतीत काय म्हणाला ते, उजवीकडे कोर्टात काय म्हणाला ते. जुळलं नाही की लाल पेन्सिलीने गोल. तीन गोल झाले की माणूस खोटा, अपील फेटाळलं. दुधाचं दूध, पाण्याचं पाणी, असं त्या अभिमानाने सांगत. "म्हणून घरी मी एकदाच बोलतो आणि गप्प बसतो," असं हरीश पाहुण्यांना सांगायचा, आणि सगळे हसायचे.

पाकिटातला निकाल हवा नावाच्या सुदानी बाईचा होता. मारणारे सैनिक किती? मुलाखतीत तीन, कोर्टात चार. हा तिसरा गोल. हवा साक्ष देतादेता उभी राहिली होती, डोक्यावरचा रुमाल सोडून कान होता ती जागा दाखवायला लागली होती. "त्याची गरज नाही. बसा," असं श्यामलाबाई म्हणाल्या होत्या. एकोणिसाव्या परिच्छेदात त्यांनी लिहिलं होतं: अशी मारहाण ज्याला खरोखर झाली आहे, तो मारणारे किती होते हे विसरत नाही. पाकीट आज पोस्टात पडणार होतं. मग हवाला परत पाठवणार होते, त्याच सैनिकांच्या गावी.

"काही बिघडत नाही, लव्ह," कॉन्स्टेबल तिकडच्या पद्धतीने मायेने म्हणाला. "डोक्याला मार बसला की सगळ्यांचं असंच होतं. तुम्ही दोन म्हणताय, मी दोन लिहितो."

"मी खोटं बोलत नाहीये!" बाई एकदम ओरडल्या. ओठ ठणकला.

"खोटं कोण म्हणतंय?" कॉन्स्टेबल खरंच गोंधळला. "तुमचा चेहरा बघा ना."

बाईंची नजर हरीशच्या मांडीवरच्या बॅगेवर गेली. त्यांनी डावा हात पुढे केला.

"हरीश, ते पाकीट दे."

"आत्ता? अगं, घरी जाता जाता टाकतो की मी पोस्टात. आज लास्ट डे म्हणत होतीस ना?"

"दे म्हणते ना!"

एका हाताने पाकीट फाटेना. बाईंनी ते दातांत धरलं आणि ओढलं. ओठाचा एक टाका उसवला. निकालाच्या पहिल्याच पानावर रक्ताचे थेंब पडले. हरीश नर्सला हाक मारायला उठला. बाईंनी मानेनेच त्याला बसवलं आणि वही मागितली. लाल पेन्सिलही.

हवाचं पान निघालं. किती जण? डावीकडे तीन, उजवीकडे चार, भोवती ठसठशीत गोल. त्याच्या खाली बाई डाव्या हाताने, पहिलीतल्या पोरासारख्या अक्षरात लिहायला लागल्या. आधी स्वतःचं नाव. मग डावीकडे तीन, उजवीकडे दोन.

आणि सवयीप्रमाणे भोवती गोल काढला.