घासागणिक

सुषमाच्या खोलीत कुकरची शिट्टी झाली. शितल दचकली. सुषमा दचकली नाही. उठून तिनं गॅस बारीक केला, परत येऊन भिंतीला टेकून बसली. शितलला पाण्याचं विचारलं नाही.

सणसवाडीत इतक्या चाळी, इतक्या भाड्याच्या खोल्या. नवऱ्याला कंपनीत काम लागलं म्हणून दौंडकडून आलेली शितल नेमकी सुषमाच्याच मागच्या ओळीत राहायला आली होती.

गावाकडं सुषमाच्या घरी मेंढरं होती. शाळेत हजेरी सुरू झाली की ती पुस्तकात डोकं घालायची. नाव घेतल्यावर ती ‘हजर’ म्हणायची आणि मागच्या बाकावरून शितल हळूच ‘बें’ करायची. मग सगळा वर्ग. मास्तरही ओठ मिटून हसायचे. सातवीत सुषमानं दप्तर खुंटीला अडकवलं, ते कायमचं.

"चुकलं माझं तवा," शितल म्हणाली. "जाऊ दे आता, सुषमा."

"जाऊ दे म्हणायला तुझं काय गेलंय? शाळा माझी सुटली." सुषमाचा आवाज चढलाही नाही. "नड काय हाय ती सांग."

शितल पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग तिनं सांगितलं. तिची मोनाली शाळेत जायला तयार नव्हती. सकाळी दप्तर पाहिलं की ओकायची. खोदून विचारलं तेव्हा कुठं बोलली. हजेरीला ती ‘हजर’ म्हणाली की वर्गातल्या पोरी मेंढरागत ओरडतात.

सुषमाला बरं वाटलं. खोटं कशाला, उन्हातून आल्यावर माठातलं पाणी प्यावं तसं बरं वाटलं.

"मग बाईंना सांग. मला कशाला सांगतीस?"

"गेलते. फाटकातनं माघारी आले. कुठल्या तोंडानं सांगू?" शितल फरशीकडं बघत होती. "त्यो आवाज मीच काढलेला हाय. आन् आता तुझी पोर काढतीया."

दाराशी चित्र रंगवत बसलेल्या प्रगतीच्या हातातला खडू थांबला.

सुषमा लेकीकडं बघत राहिली. पोर जेवताना नखरे करायला लागली की तीच ही गोष्ट सांगायची. शितल नावाची एक द्वाड मुलगी होती, अशी सुरुवात करायची आणि घासागणिक स्वतःच ‘बें’ करून दाखवायची. तेवढ्याला पोर खुदकन हसायची आणि घास गिळायची. ती शितल म्हणजे मागच्या ओळीतली मोनालीची आई, हेही तिनंच खिडकीतून बोट करून दाखवलं होतं.

"तूच म्हणलीस, तिची आई वाईट हाय," प्रगती पुटपुटली.

सुषमाचा हात उगारला गेला. तो कुठं मारावा ते तिला कळेना. तसाच खाली आला.

"सकाळी मोनालीला घरनं घेऊन जायचं," ती म्हणाली. "आन् सगळ्या पोरींसमोर तिची माफी मागायची. ऐकलं का?"

शितल निघाली होती. एक चप्पल पायात, दुसरी अजून उंबऱ्यापाशी. ती तिथंच थांबली. प्रगतीनं आधी तिच्याकडं पाहिलं, मग आईकडं.

"आई, मी सॉरी म्हणल्यावर मोनाली बोलंल ना गं माझ्याशी?"