सगळ्यात चांगला दिवस

माझा शेजारी वेन्डेल गुडघा बदलून घेणार होता, तेव्हा टोलेडोच्या इस्पितळातून रुग्णांच्या नोंदी ठेवणाऱ्या डार्लीनबाईंचा फोन आला. "दुखणं किती, ते सगळ्यात वाईट दिवस आठवून सांगा हं, आजोबा."

पुढे नवा गुडघा सुजला. वेन्डेलचे फोन कुणी उचलले नाहीत. वर्षाने, ऑपरेशननंतर रुग्णांचं दुखणं किती कमी झालं याचे आकडे सरकारला पाठवायची मुदत आली, तेव्हा बाईंना त्याची आठवण झाली.

"जिना चढता ना आता?"

"खुर्चीतून उठतानाच जीव जातो, बाई."

"अहो, असं काय करता! या वेळी सगळ्यात चांगला दिवस आठवायचा. आमच्या इस्पितळामुळे झालेली सुधारणा दिसायला नको?"

वेन्डेलने मनापासून आठवून पाहिलं.



"मग ऑपरेशनच्या आदल्या दिवसाचं लिहा. तेव्हा मी वाचनालयापर्यंत पायी गेलो होतो."