एक ठोका कमी

"परत तेवीस!" स्वरूपाने सुई उचलली आणि कपाळावर हात मारला. पंधरा सेकंदांत चोवीस ठोके, म्हणजे मिनिटाला शहाण्णव. गणित इतकं सरळ. पण धनगरांच्या गजी नाचाच्या ढोलाची ही जुनी रेकॉर्ड दर फेऱ्याला एकदा तिला तोंडघशी पाडायची. छान चाललेला ढोल मध्येच क्षणभर थांबायचा, एक ठोका गिळायचा आणि काही झालंच नाही अशा थाटात पुढे निघायचा.

उद्या बारामतीत तिचा पहिला मोठा कार्यक्रम होता. एका तबकडीवर हा ढोल, दुसरीवर तिचा नवा ठेका. दोन्हींचा वेग जुळला तर पब्लिक नाचणार, नाही तर हुर्यो ठरलेली. पोरगी काय डीजे लावणार, असं इंदापुरात आधीच चाललं होतं. तिने प्लेअरचा पट्टा बदलला, सुई बदलली. ढोल थांबायचा तिथे थांबतच होता.

रेकॉर्ड होती तिच्या आजोळच्या बिरदेवतात्यांची. एवढी एकच उरलेली. जुन्या धोतरात गुंडाळून ते कऱ्हाटीहून एसटीने घेऊन आले होते आणि आता भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत होते.

"तात्या, राग मानू नका. पण वाजवणारा चुकलाय. उद्या ही न्हाय लावता येणार."

तात्यांनी डोळे उघडले. "वाजवणारा मीच हाय की."

स्वरूपाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चुकलो न्हाय गं पोरी. आमच्या गजीत दत्तोबा म्होरं नाचायचा. गुडघा अधू, पर गिरकी घेतल्याबिगर ऱ्हायचा न्हाय. त्याचा पाय भुईला टेकस्तवर ढोलावर टिपरू पाडायचं न्हाय, ही आमची रीत."

तिने पुन्हा सुई टेकवली. या वेळी ठोके मोजले नाहीत. ढोल थांबला, आणि तेवढ्या जागेत एक माणूस तोल सावरत गिरकी घेऊन गेला. तिला तो दिसलाच जणू. पुढच्या फेऱ्याला तिने सोबत आपल्या ठेक्याची दुसरी तबकडीही फिरवली; ढोल थांबताच ती बोटाने अलगद धरली, तो पाय टेकू दिला आणि मग सोडली. दोन्ही ठेके एकदम पुढे निघाले.

"उद्या हीच लावते, तात्या!" तिने सुई उचलली. "पण रेकॉर्डिंगच्या खोलीत एवढी नाचणारी माणसं मावली कशी?"

"माणसं कुठली? मी एकलाच हुतो. आन् दत्तोबाला जाऊन तवा वरीस झालं हुतं."