गहाळ पत्राचा अर्ज

"अक्षर तुमचंच पाह्यजे भाऊजी," म्हणत केसरबाईनं पिशवीतून कोरा कागद काढून मोतीरामच्या पुढ्यात ठेवला. "नात म्हनते मोबाइलवर लिवून देते. म्या म्हनलं, नाय. त्यांची समदी पत्रं भाऊजींनी लिवली, अर्ज बी त्येच लिवतील."

पाचोडहून दोन गाड्या बदलून ती बजाजनगरात त्याच्या घरी आली होती, तीही वयाच्या बहात्तराव्या वर्षी. कुठंतरी एक पत्र चाळीस वर्षांनी पोचल्याचं नातीनं तिला मोबाइलवर दाखवलं आणि बाईनं घर डोक्यावर घेतलं. तिच्या नवऱ्याचं, कडुबाचं शेवटचं पत्रही असंच कुठल्यातरी पोस्टात पडलेलं असणार. अर्ज केला की सापडेल.

मोतीरामनं चष्मा पुसला. तो स्वच्छच होता. तो आणि कडुबा एकाच पलटणीत होते; एकाहत्तरच्या लढाईतून एकटाच परतल्यावर त्यानंच तिला सांगितलं होतं, 'मी पहाऱ्यावर होतो वहिनी. कडुबा दुसऱ्या कुणाकडून पत्र लिहवून घेत होता. टाकलं असंल, वाटेत गहाळ झालं असंल.' रडणाऱ्या बाईला धीर द्यायला सुचलेली थाप. चार दिवसांत विसरेल असं त्याला वाटलं होतं. मेली थाप माणसापेक्षा जास्त जगली.

"अर्जात काय लिहायचं?" त्यानं विचारलं.

"पत्र आमचं हाय, आमाला द्या. बस." केसरबाई थोडं थांबली. "रामकिसन पोटात हाय म्हनून गुरुजीकडून लिवून धाडलं व्हतं म्या. त्यांना कळलं व्हतं का नाय, तेवढंच बघायचंय. पोरगं बी इचारतं अजून. चोपन्न वर्साचं झालं तरी इचारतं."

मोतीरामनं पेनाचं टोपण काढलं. अर्ज लिहिला असता तर सुटला असता. पोस्टानं 'आढळ होत नाही' असं कळवलं असतं आणि बाईनं पोस्टाला शिव्या घातल्या असत्या. पण आता त्याची त्यालाच लाज वाटली.

"वहिनी, पत्र टाकलंच नव्हतं."

केसरबाईनं मांडीवरची पिशवी खाली ठेवली.

"तुमचं पत्र मीच त्याला वाचून दाखवलं. त्याला सही तेवढी यायची, दुसरं कोन वाचनार? खंदकात उभं राह्यची बंदी, तरी गडी उठून उभा राह्यला. लई हसला. 'मोत्या, आत्ताच्या आत्ता लिव' म्हनला." मोतीरामनं पेनावरची बोटं सैल केली. "दिवसभर खंदक खोदून बोटं वळत नव्हती. घोंगडीतून हात काढायचा मला कंटाळा आला. सकाळी लिवू म्हनलो."

अंधार होता, दिवा लावता येत नव्हता, असं त्यानं स्वतःला पुष्कळदा समजावलं होतं. पण त्या संध्याकाळी उजेड होता. कडुबाचं हसणं दिसेल इतका होता. पहाटे गोळे पडले, आणि खंदकातून मोतीराम तेवढा चालत बाहेर आला.

"म्हंजी त्यांना कळलं व्हतं."

"व्हय."

केसरबाईनं पदर तोंडाला लावला. बराच वेळ तिचे खांदे हलत होते. मग तिनं डोळे कोरडे केले.

"गावात आलेल्या एकेका पोस्टमनला पानी पाजलं म्या, भाऊजी. एकेकाला."

मोतीरामनं मान खाली घातली. त्याला वाटलं, ती आता उठेल, पिशवी उचलेल आणि परत कधी या दारात येणार नाही. तसं झालं असतं तर बरं, असंही वाटलं.

तिनं कागद त्याच्याकडं आणखी सरकवला.

"लिवा आता. सकाळ झाली."

मोतीरामनं कागद सरळ केला. अक्षर तेच उमटलं, वळणदार, कडुबाच्या प्रत्येक पत्रातलं. 'सौ. केसर हीस अनेक आशीर्वाद. मी इकडे खुशाल आहे. पत्रास कारण की,'

आणि पेन तिथंच थांबलं. पुढचं त्यानं कडुबाला बोलूच दिलं नव्हतं.