तिरळं बदक

"अय्या, हे बघा काय आलंय!"

ब्यूटी पार्लर चालवणाऱ्या एका आईने पिशवीतून स्वेटर ओढला आणि दोन्ही बाह्या ताणून सगळ्यांना दाखवला. हळदीसारखा पिवळाधमक. पोटावर हिरवं बदक. बदकाचा डोळा म्हणून शिवलेलं काळं बटण पार चोचीपाशी घसरलेलं, त्यामुळे बिचारं चांगलंच तिरळं दिसत होतं.

शाळेच्या हॉलमध्ये हशा पिकला. पालक समितीच्या अध्यक्षीणबाईंच्या तोंडचं पाणी मात्र पळालं. ते बदक त्यांच्याच घरातलं होतं. आणि ते विणणाऱ्या त्यांच्या सासूबाई समोरच्या टेबलाशी बसून खोक्यांना रिबिनी बांधत होत्या.

सणाची सुट्टी लागायच्या आधी दरवर्षी ही शाळा गरजू घरांतल्या मुलांसाठी भेटींची खोकी भरायची. पालक सामान आणून देत, आया ते निवडत, मुलं खोक्यांवर चित्रं काढत. यंदा अध्यक्षपद मिळालं तसं बाईंच्या अंगात वारंच शिरलं. त्यांनी हॉलच्या दारावर हा भला मोठा फलक लावला: 'आपल्या मुलाला घालाल, तेच द्या.' फलकाचं सगळ्यांनी कौतुक केलं. बाईंनीही ते पोटभर ऐकून घेतलं.

इकडे घरात निराळाच तमाशा चालू होता. आजीने विणलेला स्वेटर घालायचा म्हटलं की लेक भोकाड पसरायची. "मुली मला तिरळं बदक म्हणतात!" खरं तर सासूबाईंना एका शब्दाने सांगितलं असतं, तरी काम झालं असतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आधी विणलेला तो स्वेटर, डोळा कुठे बसला ते त्यांना दिसलंच नव्हतं. पण तोंडावर सांगायचं कुणी? बाईंनी सोपी वाट धरली. एका दुपारी स्वेटर पिशवीत कोंबला आणि पिशवी शाळेतल्या ढिगात सोडून आल्या. त्याच संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं, तेव्हा "बाहेर धुवायला टाकलाय," असं बिनदिक्कत ठोकून दिलं.

सासूबाई "बरं" म्हणाल्या. मग उरलेली पिवळी लोकर काढून टोपी विणायला बसल्या.

आता ही टोपी कुठे खपवायची, ही नवी चिंता बाईंच्या मागे लागली. एक बरं होतं, मापासाठी सासूबाईंनी नातीला एकदाही जवळ बोलावलं नव्हतं. तेवढीच रडारड वाचली, म्हणून बाई खूश होत्या.

आज हात कमी पडत होते, म्हणून मुख्याध्यापिकांनी आज्यांनाही बोलावणं धाडलं होतं. ते बाईंच्या कानावर यायचं तेवढं राहून गेलं.

"कुणी दिलाय हा?" पार्लरवाली अजून बाह्या नाचवत होती. "दारावरचा फलक वाचायला येत नाही वाटतं लोकांना!"

सगळ्या बाईंकडे बघायला लागल्या. फलक त्यांचा, तेव्हा निकालही त्यांनीच द्यायचा. त्या क्षणी गप्प बसल्या असत्या तरी चाललं असतं. पण भ्यालेल्या माणसाची जीभ जरा जास्तच चालते. बाई खो खो हसल्या आणि म्हणाल्या, "देणाऱ्याला लाजच नसेल, तर आपण काय करणार?"

"आण गं तो इकडे," सासूबाई म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता. "मी दिलाय."

पार्लरवालीने जीभ चावली. "आजी, तसं नाही हो, आम्ही आपली गंमत..." असं काहीबाही पुटपुटत तिने स्वेटर त्यांच्यापुढे ठेवला आणि दुसऱ्याच ढिगात डोकं खुपसलं. बाईंचे कान लालेलाल झाले. धरणीने पोटात घेतलं असतं तर त्या आनंदाने गेल्या असत्या. नाइलाजाने त्या सासूबाईंच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

सासूबाई चष्मा नाकावर चढवून बदकाकडे बघत होत्या. "अगोबाई, खरंच की! डोळा केवढा तिरळा बसलाय. सांगायचं नाही का गं मला?"

बाईंना वाटलं, आपण चोरी केली, खोटं बोललो, वर चारचौघांत देणाऱ्यालाच निर्लज्ज म्हणालो. आणि म्हातारीने तेही आपल्या अंगावर घेतलं. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

"सुईत दोरा ओवून दे तेवढा," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या पिशवीत सुईदोरा असायचाच.

बाईंनी घाईघाईने दोरा सुईकडे नेला, तो दर वेळी भोकाशेजारून निसटला. शेवटी सासूबाईंनीच तो ओवला. बटण उसवलं, जागच्या जागी शिवलं. बदक सरळ बघायला लागलं. त्यांनी स्वेटरची घडी घालून ती खोक्यात ठेवली. मग पिशवीतून पिवळी टोपी काढली आणि घडीवर ठेवली.

"आई, ही नको," बाईंचा आवाज रडवेला झाला. "ही तर आपल्या पोरीची आहे. घालेल ती. मी घालायला लावीन."

"तिची कुठली?" सासूबाई रिबीन शोधत म्हणाल्या. "स्वेटर कपाटात दिसला नाही, तेव्हा तर सुरू केली मी. म्हटलं, ज्या लेकराकडे तो चाललाय, त्याचं डोकं कशाला उघडं राहू द्यायचं? धर, इथे गाठीवर बोट ठेव."